एक इंच वजा

“विभा, हलू नकोस. हललीस की माप गेलं.”

“आई, मी हललेच नाही. तुमचा हात हलतोय.”

“माझा हात? या हातानं चिंचवडात चाळीस वर्षं ब्लाऊज शिवलेत बाई. एकदा नगराध्यक्षांची बायको भिंतीपलीकडे नुसती शिंकली. तेवढ्या आवाजावरून मी इकडे कापड कापलं. ब्लाऊज असा बसला, असा बसला, की पुन्हा शिंकायची तिला भीतीच वाटायला लागली.”

“मागच्या वेळी ती खोकली होती,” विभा म्हणाली.

माझी सून विभावरी स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसली होती. कोपर काटकोनात वाकवलेलं, पहिलं बोट पुढे काढलेलं. माप ब्लाऊजचं नव्हतं, बंदुकीचं होतं. कोपराच्या वळणापासून बोटाच्या पेरापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढा बंदुकीचा दस्ता लांब हवा, असं तिनं मला समजावलं होतं. मी म्हटलं, मग बंदूकवाले काय वेगळं करतात? बाही ती बाही.

या गोष्टीत काही खोटं नाही हं. माझ्या बाकीच्या गोष्टींची हमी मी देत नाही.

विभा हॉस्पिटलात डायलिसिसच्या वॉर्डात नर्स आहे. आठवडाभर लोकांच्या सुया, नळ्या, त्यांच्या तक्रारी. आणि रविवारी आमच्या या परदेशातल्या गावाहून, अप्पर हटहून निघून, रेमुटाकाचा घाट ओलांडून रेंजवर जाते. तिथे पालथी पडते आणि सहाशे मीटरवरच्या ताटाएवढ्या पत्र्यावर गोळ्या मारते. टण्ण! आवाज ऐकू यायला दीड-दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत तिचा चेहरा बघावा. तेवढा वेळ ती कुणाची नर्स नसते, सून नसते, कुणाची कुणी नसते.

रायफल मात्र माझ्या मुलाची. नितीशची. तो सहा फूट एक इंच, हात लांबलचक. शर्टाची बाही शिवताना माझं कापड संपायचं. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातच गेला, जेवणाच्या सुट्टीत. विभानं स्वतःचं लायसन काढलं, बंदुकीचं कपाट भिंतीला ठोकून घेतलं आणि त्याचीच रायफल चालवायला लागली. कपाटाची किल्ली कुठे असते ते मला सांगत नाही, कायदाच तसा आहे. खंडेनवमीला मी बंद कपाटालाच हळदकुंकू लावते. आतल्या देवाला कळतं.

तर विभा पाच फूट एक. सहा फुटी माणसाचा दस्ता तिला कसा पुरावा? नेम धरताना कोंबडीसारखी मान पुढे ताणायची. डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या रेषेत येईना, म्हणून दस्त्यावर टॉवेलाची घडी ठेवून वर चिकटपट्टी गुंडाळायची. मागच्या सामन्यात टॉवेल घसरला आणि शेवटच्या तीन गोळ्या डोंगराला लागल्या. डोंगर मोठा होता म्हणून लागल्या, असं मी म्हटलं. ती हसली नाही.

मार्चमधल्या सामन्यासाठी क्लबच्या चौघांच्या टीममध्ये तिचं नाव होतं. चौथं. कॅप्टनबाईंनी स्पष्ट सांगितलं, “विभा, यू शूट मच बेटर दॅन धिस रायफल. टॉवेल काढ, तुझ्या मापाचं काहीतरी बसव. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर मला दुसरं नाव घ्यावं लागेल.”

बाई काही चुकीचं बोलल्या नाहीत. पण विभाचं काय आहे, तिला आयुष्यात तिच्या मापाचं काही मिळालंच नाही. शाळेचा गणवेश थोरल्या बहिणीचा. लग्नात शालू माझा, मीच आत दोन चुण्या घालून बसवला. हॉस्पिटलचे कपडे मीडियम, कारण स्मॉल नेहमी संपलेले. आणि गाडी. गाडीची सीट अजून नितीशच्या पायांच्या लांबीवर आहे. ही पाठीमागे उशी घेऊन चालवते. तीन वर्षं. घाटाच्या वळणावर उशी सरकते, ही एका हातानं सावरते आणि मी मारुतीस्तोत्र म्हणते.

“किती?” तिनं वही पुढे ओढली.

“तेरा,” मी म्हटलं.

तिनं लिहिलं आणि वही पर्समध्ये टाकली.

डनीडनहून नात सिद्धीचा फोन आला. तिला मराठी कळतं सगळं, पण उत्तर इंग्रजीत. विभानं विचारलं, “काय घेऊ गं, लाकडाचा दस्ता की धातूचा?” पलीकडून, “मम, जस्ट गेट द मेटल वन. इट्स सो ऑब्व्हियस.”

“तुला नाही कळायचं,” विभा म्हणाली आणि माझ्याकडे एक नजर टाकून दुसरीकडे बघायला लागली.

मला कळलं. हिला लाकडाचाच दस्ता हवा होता, मापानं कापून घेतलेला, तस्साच अक्रोडाचा, तस्साच तपकिरी. का? तर म्हातारीला नितीशची बंदूक बदललेली दिसू नये. ती माझ्यासाठी लाकूड घेत होती. आणि मला तिच्यासाठी ती धातूची चासी, म्हणजे दस्त्याऐवजी बसवायचा सांगाडा, हवी होती. पण तसं सरळ बोलायची आमच्या घरात पद्धत नाही.

घाटापलीकडे ग्रॅहमचं बंदुकांचं दुकान आहे. ग्रॅहम म्हणजे पांढरी दाढी, कडाक्याच्या थंडीतही हाफपँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला. “किया ओरा, लेडीज!” असा इथला नमस्कार केला. आधी विभाचं लायसन बघितलं, मग कुलूपबंद पेटी उघडून रायफल रिकामी आहे ना ते स्वतः तपासलं, आणि मग माझ्यासाठी खुर्ची आणली. मी त्याला सांगितलं, माझ्या आजोबांनी एका गोळीत दोन रानडुकरं आणि मधे लटकलेला फणस पाडला होता. विभानं इंग्रजीत सांगताना एकच डुक्कर सांगितलं. मी म्हटलं, “फणस तरी ठेव.”

मग त्यानं दोन्ही वस्तू काउंटरवर मांडल्या. एकीकडे अक्रोडाच्या दस्त्याचा नमुना. काय देखणा! हात फिरवला तर लोणी. तुमचं माप द्या, तेवढा कापून येईल, तीन आठवडे. दुसरीकडे चासी. तिला दस्ताही म्हणवेना. अॅल्युमिनियमचा नुसता सांगाडा, जागोजागी भोकं, खटके, फिरक्या. पुढचा भाग वेगळा, मूठ वेगळी, मागचा खांद्याचा भाग वेगळा, सगळं सुटं करून हवं तसं जोडायचं. गालाची पट्टी फिरकीनं वर-खाली. मागे चकत्या घातल्या की लांबी वाढते, काढल्या की कमी.

“दिसायला अगदी हॉस्पिटलची खाट,” विभा म्हणाली.

“मग तुला सवय आहेच की,” मी म्हटलं.

ग्रॅहमनं सांगितलं की कुठलीही चासी कुठल्याही रायफलला चालत नाही. नळी आणि बोल्टचा जो गाभा असतो त्याच्या मापाचीच खाच लागते. विभाच्या रायफलला बसतील अशा त्याच्याकडे दोनच होत्या, एक जड, एक हलकी. जड असली की गोळी सुटताना धक्का कमी आणि नेम स्थिर. पण टेकडीवर स्वतः वाहून न्यायची.

“मी नव्वद किलोचे पेशंट उचलते,” विभा म्हणाली. मग एकदम भानावर आली. “पण नको. लाकडाचाच घेते. माप बारा इंच.”

ग्रॅहमनं तिच्याकडे बघितलं. मग तिच्या हाताकडे. “ट्वेल्व? आर यू शुअर?”

“मोजून आणलंय. माझ्या सासूबाई टेलर आहेत.”

बारा? मी कान टवकारले. पण बोलले नाही. लोकांची फजिती थोडी पुढे जाऊ द्यावी, मग मजा येते.

ग्रॅहम म्हणाला, लाकूड एकदा कापलं की वाढत नाही, तेव्हा आधी खात्री करू. त्यानं चासीच्या चकत्या काढून लांबी बारा इंच केली, सतरंजी अंथरली आणि विभाला पालथं पडायला सांगितलं. तिनं खांद्याला लावलं, मान खाली घातली आणि तिचं नाक थेट स्वतःच्या अंगठ्यावर आपटलं.

“आई गं!”

“काय झालं?” मी अगदी साळसूदपणे विचारलं.

“आई, तुम्ही काय मोजलंत?” ती खालूनच ओरडली.

आता हे समजण्यासाठी माझी टेप माहीत पाहिजे. माझ्या टेपचा पहिला इंच पंचवीस वर्षांपूर्वीच तुटला. तेव्हापासून ती एकपासून सुरू होते. मी टेपवरचा आकडा जसाच्या तसा सांगते आणि लिहिणारी एक वजा करते. लग्न होऊन आल्यापासून लिहिणारी विभाच. ती न बोलता वजा करते.

“टेपवर चौदा आलं होतं,” मी म्हटलं. “मी एक वजा करून तेरा सांगितलं.”

“तुम्ही वजा केलंत? आजपर्यंत कधी केलंय?”

“बंदुकीचं माप होतं गं. दुर्बीण भुवईत घुसली असती तर? म्हटलं, आज आपणच जपून करावं.”

“मग मला सांगायचं ना! मी पण केलं!”

“तू कशाला केलंस?”

“तुम्ही कधीच करत नाही म्हणून!”

ती सतरंजीवर पालथी आणि मी खुर्चीत. आम्ही अशा हसलो की ग्रॅहम बिचारा पाण्याचे ग्लास घेऊन आला. त्याला काय सांगणार? त्यानं फक्त एक जाड चकती मागे घातली. तेरा इंच. गालाची पट्टी दोन फिरक्या वर.

विभानं पुन्हा मान टेकवली. आणि तिथेच राहिली.

मान ताणलेली नाही. खांदा उचललेला नाही. चाळीस वर्षांत हजारो ब्लाऊज घातलेल्या बायका मी आरशासमोर बघितल्यात. माप बसलं की बाई काही बोलत नाही, नुसता श्वास सोडते. विभानं तसा श्वास सोडला.

“स्वीट अॅज,” ग्रॅहम हळूच म्हणाला, म्हणजे एकदम झकास.

ती उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, “लाकडाचाच कापून द्या. तेरा.”

काय हट्टी बाई! मग मला माझं हत्यार काढावं लागलं.

“विभा, एक सांगू? तुला कधी बोलले नाही. नितीशला ते लाकूड आवडायचंच नाही. मला फोनवर म्हणाला होता, आई, हा दस्ता म्हणजे पाऊस पडला की फुगतो, ऊन पडलं की आकसतो, माझ्या बॉससारखा. म्हणाला, मी हा बदलून धातूचा घेणारे, आणि विभाला पण चालेल असा घेणारे. शपथेवर सांगते.”

विभा माझ्याकडे बघत राहिली. “आई.”

“काय?”

“खोटं बोलताना तुम्ही नाकातली चमकी फिरवता.”

मी हात खाली घेतला. उशीर झाला होता.

“तुम्हाला नाही ना वाईट वाटणार?” तिनं विचारलं. इतक्या सरळ आमच्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. मी पण मग सरळच बोलले.

“वाटेल की. नितीश गेल्याचं रोजच वाटतं. पण तुझी मान अवघडलेली बघून ते कमी होत नाही गं.”

तिनं डोळे पुसले आणि ग्रॅहमला म्हणाली, “ही चासी. जड वाली.”

“कलर?” काळा होता, मातकट होता. आणि मागे एक जांभळा, तीन वर्षं कुणी घेत नव्हतं.

“वांग्याचा रंग आहे!” मी म्हटलं.

“तोच द्या,” विभा म्हणाली.

ग्रॅहमनं जुन्या रायफलच्या खालचे दोन बोल्ट सोडवले. गाभा अलगद वर आला आणि लाकूड नुसतं लाकूड होऊन काउंटरवर राहिलं. गाल टेकायच्या जागी पॉलिश उडून गुळगुळीत झालेलं, त्यावर विभाच्या चिकटपट्टीचा चिकटा. एकाच जागी दोघांचा गाल. ग्रॅहमनं विचारलं, विकायचंय का?

“नाही,” दोघी एकदम म्हणालो.

नव्या चासीतली रायफल पुन्हा पेटीत गेली, पेटीला कुलूप लागलं. लाकूड मी माझ्या शालीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं. बाहेर ऊन होतं, वारा नेहमीसारखा पिसाटलेला. विभानं कॅप्टनबाईंना फोन केला. “येस, टॉवेल इज गॉन.” पलीकडून काहीतरी ओरडण्याचा आवाज आला, आनंदाचा असावा. मी पण खिडकीतून “किया ओरा!” असं जोरात ओरडून दिलं.

ती गाडीत बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. मी ग्रॅहमच्या दाढीवर एक गोष्ट रचत होते, ती मधेच थांबवली.

तिनं पाठीमागून उशी काढली आणि माझ्या हातात दिली.

“आई, धरता?”

मग वाकून सीटखाली हात घातला, दांडी ओढली आणि पाय रोवून सीट पुढे घेतली. खट्ट. खट्ट. जरा थांबली. खट्ट.

उशी मधे दबून पातळ झालेली होती. मी ती मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी.

तीन खाचा. मी मोजल्या. या खेपेला वजा काही केलं नाही.