आठाने भागायचं राहिलं

धाकट्याला मीच लिहून कळवलं होतं, "या बोटीने येऊ नकोस. पुढच्या बोटीने ये, तोवर आईशी व्हिडिओवर बोल. लाइनचा हिशोब मी केलाय."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. एका बेटावरच्या हवामान केंद्रात तो यंत्रांची देखभाल करतो आणि तिथून बोट पंधरा दिवसांतून एकदाच सुटते. आईचं दुखणं महिनाभर तरी रेंगाळेल, असं डॉक्टर तेव्हा म्हणत होते. त्याची रजा पुढच्याच बोटीला मंजूर होती. आधी निघाला असता तर नोकरीवर गदा आली असती.

मी एका छापखान्यात नेटवर्क सांभाळते. आमच्याकडे फाइल एका खोलीतून दुसरीत जाते, तेव्हा पडद्यावर वेग दिसतो तो मेगाबाइटमध्ये. सतरा वर्षं तेच बघत आलेय. हातांच्या खुणा स्वच्छ दिसायला सेकंदाला अर्धा मेगाबाइट लागतो, हे मी दोन टेबलांमध्ये व्हिडिओ लावून मोजलं. बेटाच्या लाइनचा कागद मागवला, त्यावर लिहिलं होतं दोन मेगा. म्हणजे हवं त्याच्या चौपट. मी निर्धास्त झाले.

बोट गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, वेळ ठरवायला म्हणून, बेटाची लाइन सांभाळणाऱ्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या काकांना फोन केला.

"दोन मेगा काय, ताई? बिट की बाइट?"

"बाइटच ना?"

"अहो, आम्ही टेलिफोनवाले. आमचं सगळं बिटमध्ये चालतं. आठ बिटांचा एक बाइट. आठाने भागायचं राहिलं तुमचं."

"म्हणजे पाव मेगाबाइट?"

"तेवढंही नाही. त्या लाइनीत बत्तीस खण असतात. त्यातले दोन खण लाइनीच्याच कामाला जातात. वीस तिथल्या फोनसाठी राखलेत. एका खणात एक आवाज, असा आमचा जुना हिशोब. उरले दहा, त्यात तुमचं इंटरनेट."

एक खण चौसष्ट किलोबिटांचा. दहाचे सहाशे चाळीस. भागिले आठ, ऐंशी किलोबाइट. मला पाचशे हवे होते. वीस आवाजांना जागा होती आणि माझ्या भावाला आवाजाचा काडीचा उपयोग नव्हता.

दोनच दिवसांत आईचं दुखणं एकदम बळावलं. डॉक्टर महिन्याचं बोलेनासे झाले. माझ्या रोजच्या नेमात मी देवाकडे काही मागत नाही. त्या दिवशी मागितलं.

आईला म्हटलं, "तू खुणा कर, मी त्याचं चित्रण करून पाठवते. सावकाश जाईल, पण पूर्ण जाईल."

"मी काय भिंतीवर चिकटवायची नोटीस आहे? मला त्याला विचारायचंय काही."

"मग मला सांग, मी लिहून कळवते."

"तुझ्या हातून नको गं. ते आमचं दोघांचं आहे."

ते खरंच होतं. रीतसर खुणा तो शाळेत शिकला, त्याच्यामागून मीही शिकले. पण शाळेआधीच्या पाच वर्षांत मायलेकांनी आपली एक भाषा रचली होती. तिच्यातलं निम्मं मला कधी कळलं नाही.

काकांनी अर्ध्या तासापुरते फोनचे दहा खण आम्हाला सोडले. "वर कोणाला विचारलेलं नाही, ताई. वेळेत उरका."

म्हणजे एकशे साठ किलोबाइट. धाकटा तुकड्यातुकड्यांनी पडद्यावर आला. आईने हात हलवायला सुरुवात केली आणि त्याने मान हलवली. दिसत नाही.

"काय झालं?" आईने विचारलं.

"तुझे हात भरभर चालतात. चित्राला तेवढं पळता येत नाही."

"एवढंच ना? तो दोन वर्षांचा होता तेव्हा कुठे भरभर चालवत होते!"

मग ती एक खूण करायची आणि हात तसाच हवेत धरून ठेवायची. तिकडे चित्र स्थिरावलं की धाकटा होकार द्यायचा. मग पुढची. मी तिच्या कोपराखाली उशी दिली. तोही तसाच, हात धरून, उत्तर देत होता. एकदा दोघं हसले. कशाला, कोण जाणे.

शेवटी आईने उजवी मूठ हनुवटीखाली आणली आणि डावा तळवा त्यावर आडवा धरला. तेवढ्यात काकांचे खण परत गेले. पडद्यावर धाकट्याचा चेहरा तसाच अडकून राहिला, वाट बघत.

आईने हात खाली घेतले नाहीत. "पोचलं का गं?"

"पोचलं," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी ती गेली.

पुढच्या बोटीने धाकटा आला. दार लावून घेतलं आणि मी त्याला खुणांनी सगळं सांगितलं. बिट, बाइट, आठ. आईशी खोटं बोलले तेही. त्याने ना मला जवळ घेतलं, ना तोंड फिरवलं. फक्त विचारलं, शेवटची खूण कोणती होती?

मी मूठ हनुवटीखाली नेली, तळवा आडवा धरला. त्याने माझा अंगठा मुठीतून बाहेर ओढला, तळवा किंचित तिरका केला, आणि दोन पावलं मागे सरकला. मी हात तसेच धरून ठेवले. खांदे भरून आले, तरी धरून ठेवले. अर्थ मला ठाऊक नव्हता.

मग त्याने उत्तर दिलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून नाही, माझ्या हातांकडे बघून.