थोरलीचे डोळे आणि भिंगाचा दिवा

मित्रांनो, लांब वाकडी मान, मोठे गोल भिंग आणि त्याच्या कडेने पांढरा उजेड, असा मी एक जुना दिवा आहे. एका कारखान्यात माझे भिंग घासले, दुसऱ्यात मान जोडली आणि पुढचे सगळे आयुष्य रफूच्या एका दुकानात गेले. आता मानेतली स्प्रिंग सैल झाली आहे. बोलता बोलता मान खाली पडली, तर हसू नका.

दुकान दोन बहिणींचे. थोरली रफू करी. ती फाटके कापड माझ्या भिंगाखाली धरी, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढी आणि भोक असे बुजवी, की गिऱ्हाईक ते शोधत बसे. धाकटी इस्त्री करी आणि आल्यागेल्याशी बोले. बोलणे हे तिचे कामही होते आणि हौसही.

"हा दिवा म्हणजे माझा उजवा हात," असे थोरली सांगे. मला ते आवडे.

एकदा धाकटीच्या इस्त्रीखाली एका कोटाची कॉलर करपली. थोरलीने तिला गिऱ्हाइकासमोरच झापले. "तोंड चालतं तेवढं लक्ष चाललं असतं तर!" धाकटीने इस्त्रीचे बटण बंद केले, पिशवी उचलली आणि ती समोरच्या लाँड्रीत कामाला लागली. रस्ता अरुंद होता. दोघी काचेतून एकमेकींना पाहत आणि पाहिलेच नाही असे दाखवत.

दुकानात आता थोरली एकटी. बोलायला कोणी नाही, म्हणून तिची मान वर होईना. धाग्यामागून धागा घालता घालता दुपार उलटून जाई. भिंगातून तिचा डोळा मला फार मोठा दिसे. तो उघडा तो उघडाच. पापणी हलायचे विसरूनच जाई. इस्त्रीही तिच्याच गळ्यात पडली होती. उकडते म्हणून टेबलपंखा तिने थेट तोंडावर लावला होता. कपड्यांच्या धुळीने शिंका येत, म्हणून सर्दीची गोळीही रोज चाले.

हळूहळू तिचे डोळे चुरचुरू लागले. आत वाळू गेल्यासारखे तिला वाटे. मग त्यांतून पाणी वाहू लागले. ती बाहीने गाल पुसे आणि पुन्हा वाके. एका कोटावर टाका चुकला. तिने तो उसवला, पुन्हा घातला, पुन्हा चुकला.

"या मेल्या दिव्यानेच माझे डोळे खाल्ले!" ती म्हणाली. तिने मला उचलले आणि कपाटावर रिकाम्या खोक्यांत नेऊन ठेवले.

माझ्यावर धूळ साचली. तिच्या डोळ्यांचे पाणी मात्र थांबले नाही. माझ्याशिवाय ती कापडावर आणखीच वाके. शेवटी ती गिऱ्हाइकांना दारातूनच परत पाठवू लागली. "नवीन काम घेत नाही. दुकान बंद करतेय."

एका दुपारी दार धाडकन उघडले. धाकटी आत आली.

"ताई, पुरे झालं रडणं. मी आले परत."

"कोण रडतंय?"

"मी बघते ना तिकडून! सदा गाल ओले. इतकं मनाला लावून घ्यायचं का?"

"अगं, डोळे चुरचुरतात माझे. तुझ्यासाठी रडायला मला वेळ कुठाय?"

धाकटी दाराकडे वळली. मला वाटले, गेली. पण ती उलटी फिरली, थोरलीची हनुवटी धरून तिने डोळ्यांत पाहिले. ते लालभडक होते.

"ऊठ. चप्पल घाल."

दोघी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या. आल्या आल्या धाकटीने बाईंची हुबेहूब नक्कल सुरू केली. "तुमचे डोळे कोरडे आहेत!"

"वाहणारे डोळे कोरडे कसे गं? मला अजून पटत नाही."

"कोरडा डोळा टोचतो. टोचला की भसाभसा पाणी सोडतो. पण ते गालावर जातं, डोळ्यावर टिकत नाही. तू पापणी मिटत नाहीस, पंख्याचा वारा डोळ्यांत घेतेस, त्या गोळीनेही डोळे सुकतात, आणि वय झालंय तुझं."

"वय झालंय, हे बाई म्हणाल्या का तू?"

"दोघी म्हणालो. दिव्याचा दोष नाही, उजेड हवाच, असंही म्हणाल्या."

धाकटीने स्टुलावर चढून मला खाली काढले आणि पुसले. पंख्याचे तोंड बाजूला वळले. बाईंनी गोळी बदलून दिली होती, डोळ्यांत घालायचे थेंब दिले होते. चुरचुर एकदम गेली नाही. सावकाश कमी झाली. दुकान मात्र उघडे राहिले. धाकटी इस्त्री करता करता अधूनमधून ओरडे, "ताई, मिट!" आणि थोरली कुरकुरत डोळे मिटे.

माफी दोघींपैकी कोणीच मागितली नाही. एका गिऱ्हाइकाने विचारले, "भांडण मिटलं वाटतं?"

"भांडणाचं माहीत नाही," थोरली म्हणाली. "डोळे मात्र ही दिवसभर मिटायला लावते."

मित्रांनो, पुस्तकात रमा नाहीतर मोबाइलच्या पडद्यात, मधूनच मान वर करा, लांब पाहा, पापण्या मिटा. आणि घरात कोणाचे डोळे ओले दिसले, तर जवळ जाऊन विचारा. धाकटीचा अंदाज साफ चुकला होता. पण ती रस्ता ओलांडून आली.