गुडघ्याच्या पट्ट्याचे लाड

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, उजव्या हाताचा. माझा स्वभाव मत्सरी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला नावं ठेवायला नको.

माझा जन्म कारखान्यातला. पाठीवर जाळी, तळव्याला चिकट रबराचा थर. लुइझियानातल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात मी जेवॉन ब्रूसार्डच्या वाट्याला आलो. सुसाट धावायचं आणि मागून भिरभिरत आलेला लांबट चेंडू हवेतच झेलायचा, हे त्याचं काम. प्रत्येक डावाआधी तो माझ्या तळव्याला जीभ लावी. रबर ओलसर झालं की चेंडू नुसता बिलगायचा. पहिल्या मोसमात आम्ही एकसष्ट चेंडू झेलले. चर्चबाहेर लोक म्हणत, "पोराच्या हाताला डिंक आहे, डिंक!" तो डिंक म्हणजे मी. पुढचा मोसम संपला की एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजची पोरं फेरीफेरीनं निवडतात तेव्हा, व्यावसायिक संघ त्याला दुसऱ्याच फेरीत उचलतील, असं पेपरात येत होतं.

मग सप्टेंबर आला. नव्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा पाय गवतात रुतला आणि अंग मात्र वळलं. डाव्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, आणि घरात तो आला. पोलादी बिजागऱ्यांचा काळा पट्टा!

काय त्याचे लाड, मित्रांनो! जेवॉनला लहानाचं मोठं करणारी ओडेल आत्या रोज सकाळी पट्ट्याला ओल्या फडक्यानं पुसायची आणि खुर्चीच्या पाठीवर टांगायची. सोमवारी शेजारी लाल घेवडा-भात खायला जमत आणि घास गिळायच्या आधी विचारत, "गुडघा कसा आहे रे?" हातांचं कुणी विचारत नव्हतं. मी बॅगेत मळक्या पायमोज्यांखाली पडून होतो. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्याला आयुष्यात एक चेंडू झेलता येणार नाही, त्याच्याभोवती सारं घर फिरत होतं. एकीकडे पेपरवाल्यांनी जेवॉनचं नाव दुसऱ्या फेरीतून शेवटच्या, सातव्या फेरीत नेलं, नंतर छापायचंच सोडलं. आशा एकाच दिवसावर होती. मार्चअखेरीस व्यावसायिक संघांची माणसं कॉलेजच्या मैदानावर येऊन पोरांना पारखतात, त्या दिवसावर.

आदल्या दुपारी जेवॉन व्यायामाला गेला होता. आत्यानं बॅग उपसली. "शी! काय वास मारतायत हे! उद्या मोठ्या माणसांपुढे हे घालून जाणार? लोक म्हणतील, ओडेलच्या घरात साबण नाही." तिनं आम्हा दोघा हातमोज्यांना गरम पाण्यात खसखसून धुतलं आणि कपडे सुकवायच्या यंत्रात टाकलं. माझी छाती फुगली. उबदार हवेत गिरक्या घेताना मी मनात म्हटलं, बघ रे पट्ट्या, तुला नुसतं फडकं!

बाहेर आलो तेव्हा माझा तळवा कडक आणि गुळगुळीत झाला होता. उष्णतेनं रबर मेलं होतं. मला ते कळलं, पण आत्याला कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी चाळीस यार्डांच्या धावेत जेवॉन पूर्वीपेक्षा हळू निघाला. पारखायला आलेल्यांपैकी दोघातिघांनी वेळ मोजायची घड्याळं खिशात टाकली. आता माझी पाळी होती. त्यानं तळव्याला जीभ लावली. पहिला चेंडू माझ्यावरून घसरला. दुसराही घसरला.

"हातही गेले वाटतं याचे," कुणीतरी म्हणालं.

जेवॉननं तळवा नाकाशी नेला. साबणाचा वास आला आणि तो सगळं समजला. कुंपणापाशी उभी असलेली आत्या ओरडली, "काय झालं रे?"

"काही नाही गं आत्या, उकडतंय जरा!" असं म्हणून त्यानं आम्हाला काढलं आणि बाकाखाली टाकलं.

मग त्यानं उघड्या हातांनी चौदा चेंडू झेलले. एक बुटाजवळचा, एक पाठीमागचा, एक नुसत्या बोटांच्या टोकांवर. एक म्हातारा निवडकर्ता घड्याळ पुन्हा बाहेर काढत म्हणाला, "असले हात, बाळा, आजवर लपवून का ठेवले होतेस?"

लपवणारा मी होतो. पट्ट्याचा मत्सर करता करता आता त्या उघड्या बोटांचाही मत्सर करायची वेळ आली.

एप्रिलच्या एका शनिवारी, ड्राफ्टच्या अगदी सातव्या फेरीत, स्वयंपाकघरात फोन वाजला. एका संघानं जेवॉनला निवडलं होतं. आत्यानं पातेल्याचं झाकण वाजवून गल्ली गोळा केली. सामान बांधताना पट्टा सगळ्यात आधी बॅगेत गेला. आम्ही राहिलो. आत्यानं आम्हाला चुलीजवळच्या खिळ्याला टांगलं. येईल त्याला ती सांगते, "हेच ते हातमोजे. आदल्या दिवशी मी स्वतः धुऊन दिले होते, बरं का!" जेवॉननं तिला खरं कधीच सांगितलं नाही.

मित्रांनो, काळजी जरूर घ्या, पण कुणाला काय मानवतं ते आधी विचारून घ्या. आणि कुणाचा एक अवयव दुखावला, म्हणून त्याच्या बाकीच्या अंगाला विसरू नका.

रविवारी टीव्हीवर सामना लागतो. सगळे त्याचा गुडघा बघत असतात, मी हात बघतो. त्यांवर नवेकोरे लाल हातमोजे असतात. डाव सुरू होण्याआधी जेवॉन हळूच त्यांच्या तळव्याला जीभ लावतो. तेवढं मात्र मला अजून बघवत नाही.