कवळीला लागलेली कीड

ताईच्या पत्राला उत्तर गेलंच नव्हतं. "गाल सुजलाय. धूरबाबा दातातल्या अळ्या काढतात म्हणे. तू एवढी पुस्तकं वाचतोस, तूच सांग, जाऊ का?" आयुष्य वाचनालयात घालवलेल्या तिच्या धाकट्या, पण आता म्हाताऱ्या झालेल्या भावाला उत्तर ठाऊक होतं, पण आपणच चुकत असलो तर? कागदावर कागद फाडून शेवटी तो शेजारच्या दंतवैद्यीणबाईंना घेऊन बाबांकडे गेला.

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. पाण्याच्या परातीत तापलेली वीट, विटेवर चिमूटभर बी. रोग्याने चादर पांघरून, आ वासून बियांच्या धुरावर वाकायचं. चादर उचलली की पाण्यात पांढऱ्या अळ्या!

"डॉक्टर दात उपटतो, आम्ही पाप उपटतो!" बाबा गरजले. "या आजोबा! चेहराच सांगतोय, दाढा पोखरल्यात."

म्हातारा ठसकत चादरीतून बाहेर आला. परातीत अळ्याच अळ्या.

"बघा! दाढेत केवढा संसार थाटला होता!"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. गुपचूप घरी जावं असं वाटलं. पण ताईचा गाल आठवला. त्याने चादरीखाली काढून खिशात टाकलेली कवळी परातीशेजारी ठेवली आणि काहीतरी पुटपुटला. बोळक्या तोंडाचं बोलणं कुणाला कळेना.

"काय म्हणतात हो?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"म्हणतात, दात खिशात होते," बाई म्हणाल्या. "मग अळ्या कुठून आल्या?"

"हिरडीत लपतात त्या!" बाबा.

बाईंनी तापलेल्या विटेवर पुन्हा बी टाकलं आणि परातीवर नुसतीच चादर धरली. खाली कुणीच नव्हतं. तरी अळ्या निघाल्या.

"अगंबाई, परातीलाच दात आले की!" मागून एक आजी म्हणाली आणि खोली हसली.

"बी तापून फुटतं, आतला कोंब पाण्यात उडतो," बाईंनी भिंग पुढे केलं. "बघा, याला ना तोंड ना पोट. तोंडात खऱ्या अळ्याही होतात, नाही असं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडातल्या जखमेत माशी अंडी घालते. त्या अळ्या डॉक्टर चिमट्याने काढतात आणि जखम धुतात. दाढ मात्र जंतूंनी किडते. गाल सुजला की आत पू असतो, धुराने तो आतच राहतो. पसरला तर जिवावर बेततं."

बाबांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

टपालपेटीपाशी उभ्यानेच म्हाताऱ्याने कार्ड लिहिलं: "ताई, धूर घेऊ नकोस. आजच दंतवैद्याकडे जा. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणावं, हेच माणसाशिवाय करून दाखव. बहुधा माझंच बरोबर आहे."

'बहुधा' खोडून त्याने कार्ड पेटीत टाकलं.