अकराव्या चिठ्ठीपर्यंत

मी एक जुना तराजू आहे. भाजी किंवा लोखंड तोलणारा नव्हे, तो माझा दांडगा चुलतभाऊ. मी औषधाच्या दुकानातला. माझी पारडी तुमच्या तळहाताहून लहान आहेत आणि मित्रांनो, माझा स्वभाव तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुणी जवळ येऊन जोरात श्वास सोडला तरी माझा काटा हलतो आणि मला राग येतो. म्हणून तर मला पहिल्यापासून काचेच्या पेटीत ठेवलंय. सध्या ही पेटी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, 'आपल्या वस्तीच्या जुन्या वस्तू' अशी पाटी लावलेल्या खोलीत असते. माझ्यापुढे एक कार्ड आहे. 'औषधे मोजण्याचा पितळी तराजू. एका घरगुती दुकानातून.' मुलं येतात, कार्ड वाचतात, काचेवर बोटांचे ठसे उमटवतात आणि पुढच्या शिलाई मशीनकडे जातात. कार्डावरचा शब्दन् शब्द खरा आहे. पण माझं आयुष्य त्यात तीळभरही नाही.

मला एका पितळकाम करणाऱ्या कारागिरानं घडवलं. माझी दांडी दोन्ही बाजूंनी सारखी होईना, म्हणून तो दोन दिवस जेवणावरून अर्धवट उठायचा. मी तयार झालो तेव्हा त्यानं एका पारड्यात स्वतःच्या डोक्यावरचा केस ठेवला. काटा हलला. "झाला एकदाचा," असं म्हणून तो झोपायला गेला. माझ्यासोबत वजनांची लाकडी डबी होती. त्यातलं सगळ्यात लहान वजन नखाहून छोटं होतं. ही वजनं बोटांनी कधी उचलायची नसतात. चिमट्यानं उचलायची. बोटाचा घाम लागला की वजन खोटं बोलायला लागतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली होती. मधे एक निळा पडदा आणि पडद्यामागे स्वयंपाकघर. बाहेर औषधांचा उग्र वास, आत फोडणीचा, आणि पडद्यापाशी दोन्हींची रोज भांडणं. दुकान आप्पांच्या वडिलांनी उघडलं होतं, पण माझी उमेदीची सगळी वर्षं गेली ती आप्पांच्या हाताखाली. डॉक्टरांची चिठ्ठी आली की आप्पा ती मोठ्यानं वाचायचे, खलात औषध घोटायचे, माझ्यावर तोलायचे आणि पांढऱ्या कागदाच्या पुड्या बांधायचे. त्यांच्या पुडीची घडी इतकी नीट असायची की वस्तीतल्या बायका ती उघडताना हळहळायच्या.

आता त्या चुकीबद्दल सांगतो. काकू, म्हणजे आप्पांची बायको, लग्न होऊन नुकत्याच घरात आल्या होत्या. एके दिवशी दुकानात सुताराची दोन वर्षांची धाकटी मुलगी आईच्या कडेवर रडून रडून लाल झाली होती. आप्पांचं लक्ष तिच्या रडण्यात, आणि चिमट्यात आलं भलतंच वजन. अर्ध्या ग्रेनच्या जागी पाच ग्रेनचं. ग्रेन म्हणजे त्या काळचं माप, साधारण गव्हाच्या एका दाण्याएवढं. मी माझं काम चोख केलं. पाच ग्रेन ठेवलेत तर पाच ग्रेनच तोलून दिले. मला वाचता कुठे येत होतं? तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. डॉक्टरांचं अक्षर लागतंय का, हे बघायची त्यांना हौस होती. त्यांनी चिठ्ठी वाचली, मग पारड्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, इथं अर्धा लिहिलंय ना?"

 आप्पांनी सगळं औषध ओतून टाकलं, पुन्हा तोललं आणि त्या दिवसापासून दुकानात एक रीत सुरू झाली. आप्पा वाचणार आणि तोलणार. काकू पडद्याआडून हात पुसत येणार, चिठ्ठी बघणार, पारडं बघणार आणि सगळं मोठ्यानं परत म्हणणार. त्यांनी परत म्हटल्याशिवाय पुडी बांधायची नाही म्हणजे नाही.

"सुतारांची धाकटी. वय दोन. अर्धा ग्रेन. दिवसातून तीनदा," आप्पा म्हणायचे.

"सुतारांची धाकटी. वय दोन. अर्धा ग्रेन. दिवसातून तीनदा," काकू म्हणायच्या. मग थोडं आपल्या पदरचं घालायच्या. "आणि मधातून द्या हो. पाण्यातली पुडी थुंकते ती. हिची मोठी बहीणही तशीच होती."

ते पदरचं घालणं हीच खरी मौज होती. कुणाला कोणतं औषध सोसत नाही, कुणाच्या आजोबांना हाच खोकला होता, कुठल्या घरात कोण कुणाशी बोलत नाही आणि म्हणून पुडी नक्की कुणाच्या हातात द्यायची, हे सगळं काकूंना तोंडपाठ होतं. लोक कुरकुरायचे. पोस्टमन तर म्हणायचा, "तुमचं दोघांचं म्हणून होईपर्यंत माझा ताप उतरतो, काकू." पण दुसऱ्या दुकानात कुणी जायचं नाही. वस्तीचा सगळा इतिहास त्या दोन आवाजांतून रोज माझ्या पारड्यांवरून जात होता, आणि मला वाटायचं, मी फक्त औषध तोलतोय.

पुढे तयार गोळ्या आल्या. माझ्या पेटीवर धूळ बसू लागली. मी मनातून खट्टू झालो, खोटं कशाला बोलू? पण रीत मोडली नाही. गोळ्यांचं पाकीट माझ्या पेटीसमोर ठेवून आप्पा वाचायचे आणि काकू परत म्हणायच्या. त्यांची मुलगी शिकून शिक्षिका झाली, दुसऱ्या गावी गेली. हे दोघं म्हातारे झाले, तरी म्हणत राहिले.

मग काकू गेल्या. चार दिवसांच्या आजारात गेल्या.

दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी शिंपीणबाई औषधाला आल्या. आप्पांनी चिठ्ठी वाचली, गोळ्या काढल्या, पाकीट हातात घेतलं आणि पडद्याकडे बघत उभे राहिले.  शिंपीणबाई म्हणाल्या, "आप्पा, द्या ना."

"अजून कुणी परत म्हटलं नाही," आप्पा म्हणाले.

 शिंपीणबाई धीराच्या. त्यांनी काउंटरवरची चिठ्ठी आपल्याकडे फिरवून घेतली, एकेक शब्द लावत वाचली आणि परत म्हटली. आप्पांनी मान डोलावली आणि पाकीट दिलं. गोष्ट वस्तीभर झाली. त्यानंतर जो येई तो आपली चिठ्ठी आपणच परत म्हणू लागला. पोस्टमनसुद्धा. कुरकुर न करता.

आप्पांना एकाच गोष्टीची धास्ती होती. आपल्या हातून कुणाला चुकीचं औषध जाऊ नये. वय झालं होतं, नावं निसटत होती, हे त्यांना कळत होतं. कुणी परत म्हणतंय तोवर आपण दुकानात उभं राहू शकतो, एवढाच त्यांचा आधार होता.

एका दुपारी एक ड्रायव्हर आईच्या गोळ्या न्यायला आला. वस्तीत नवा होता, गाडी सुटायची होती. आप्पांनी वाचलं. तो म्हणाला, "हो हो, माहीत आहे मला," आणि समोरचं पाकीट उचलून गेला. आप्पांनी खाली बघितलं. ड्रायव्हरच्या आईचं पाकीट तिथंच होतं. गेलं होतं ते दुसऱ्याच कुणाचं, हृदयाच्या औषधाचं.

सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस दुकान उघडं टाकून धावला. अर्ध्या तासानं ड्रायव्हरच त्यांना दंडाला धरून परत घेऊन आला. आप्पांच्या पायात एकच चप्पल होती. "स्टँडवरच गाठलं यांनी मला," तो शेजाऱ्यांना सांगत होता. "आईपर्यंत पाकीट पोचलंच नाही. आप्पा, चूक माझी आहे. मीच घाई केली." आप्पांनी त्याला बरोबर पाकीट दिलं. मग डबी काढली, चिमट्यानं एकेक वजन तिच्या खाचेत बसवलं, माझी दोन्ही पारडी पुसली आणि पेटीचं दार लावलं. दुकान पुन्हा उघडलं नाही.

मुलगी आली, रजा काढून. तिची इच्छा चांगली होती. "आप्पा, वस्तीचं सगळं तुमच्या डोक्यात आहे, ते लिहून ठेवू या," म्हणाली. आप्पांचा चेहरा खुलला. त्यांनी खणातून जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. एकेक चिठ्ठी वाचायचे, त्या घराची हकिकत सांगायचे आणि थांबायचे. मुलीकडे बघायचे. ती खाली मान घालून वहीत लिहीत असायची. "हं, झालं लिहून. पुढची?"

मी पेटीतून ओरडत होतो. अगं, म्हण ना परत. एकदा तरी म्हण. पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

अकरा चिठ्ठ्या झाल्या. बारावी आप्पांनी हातात घेतली, बघितली आणि खाली ठेवली. "आठवत नाही," म्हणाले. मित्रांनो, ते खोटं होतं. ती चिठ्ठी डॉक्टरांची नव्हती, काकूंच्या अक्षरात होती. दुकानाचा हिशेब त्याच लिहायच्या, मी ते अक्षर ओळखतो. मुलगी म्हणाली, "राहू दे, नंतर सांगा." ते 'नंतर' आलंच नाही. त्या वर्षीच आप्पा गेले.

मला या खोलीत तिनंच आणून ठेवलं. अजूनही ती येते. वही पिशवीत असते. कुणी नाही असं बघून ती पहिल्या चिठ्ठीपासून वाचते. मोठ्यानं, शब्दाला शब्द, काकू म्हणायच्या तसंच. "सुतारांची धाकटी. वय दोन. अर्धा ग्रेन." प्रत्येक चिठ्ठीनंतर आप्पा कशासाठी थांबायचे, ते आता तिला कळलंय. अकरावी संपली की ती वही मिटत नाही. कोरं पान उघडून तशीच उभी राहते, आप्पा पडद्याकडे बघत उभे राहिले होते तशी. माझा काटा हलतो. तिच्या श्वासानं हलतो, पण त्याचा मला राग येत नाही.

मुलांनो, मला जपलंत, पुसलंत, काचेत ठेवलंत, त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे. पण माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस एखादी जुनी गोष्ट सांगत असेल आणि मधेच थांबून तुमच्याकडे बघत असेल, तर 'हो हो, माहीत आहे' म्हणू नका. नुसती लिहूनही घेऊ नका. त्यांनी सांगितलेलं तोंडानं परत म्हणा, त्यांना ऐकू जाईल असं. मग ते पुढचं सांगतील.