छातीभर पाणी

आईला पाण्याची भीती आणि तिची मुलगी पोहण्यात पहिली. देवाला थट्टा करायची लहर आली की तो अशी घरं शोधून काढतो. बादली काठोकाठ भरलेली दिसली तरी आई त्यातलं तांब्याभर पाणी काढून टाकायची. मुलीचे बाबा एकदा हसून म्हणाले होते, "अगं, बादलीत कोण बुडतंय?" आणि लगेच जीभ चावली होती. आईचा धाकटा भाऊ खरंच बुडाला होता. बाविसाव्या वर्षी, कपाटभर पदकं मिळवलेला पोरगा, रोजच्या सरावाच्या तलावात, छातीभर पाण्यात. पायात गोळा आला असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि घरात तेच कायम झालं.

तरी मुलीने पोहणंच धरलं. आई रोज तलावाच्या पायऱ्यांवर बसायची आणि मुलीचं डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत श्वास रोखायची. एकदा नाकात पाणी जाऊन मुलगी जरा जास्त खोकली, तर आईने महिनाभर सराव बंद पाडला होता. मुलगी त्या महिन्यात आईशी धड एक वाक्य बोलली असेल तर शपथ.

आता ती चौदा वर्षांची होती आणि खेळाडूंच्या मोठ्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. व्यायामशाळेत टेबल टेनिसची टेबलं भिंतीला सरकवून दोन खाटा मांडल्या होत्या आणि मध्ये हिरवा पडदा ओढला होता. दाराशी उंची-वजन, पुढे रक्तदाब, पडद्याआड ईसीजी, आणि शेवटी शिक्का घेऊन बसलेले डॉक्टर.

आईने फॉर्म गुडघ्यावर ठेवून भराभर भरला. दमा? नाही. फिट येते? नाही. कधी चक्कर, बेशुद्धी? आईने मुलीकडे पाहिलं.

"नाही गं," मुलगी म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली.

नववा प्रश्न होता, जवळच्या नात्यात पन्नाशीच्या आत कुणाचा अचानक मृत्यू झाला आहे का. आईचं पेन क्षणभर अडखळलं. पण तो तर अपघात होता, आजार थोडाच. तिने 'नाही'वर खूण केली.

ईसीजी काढणाऱ्या जाडजूड बाईंनी कागद फाडून फॉर्मला टाचला. डॉक्टरांनी तो वरवर पाहिला. "आलेखातलं एक अंतर किंचित लांब वाटतंय, पण या वयात चालतं. दहा मिनिटं बसा, सगळ्यांचे शिक्के एकदम मारतो."

मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात गेली. आई पडद्याशेजारच्या बाकावर बसली. पलीकडे कुणा धावपटूचे आजोबा चष्मा घरी विसरून आले होते, म्हणून ईसीजीवाल्या बाई त्यांना फॉर्म वाचून दाखवत होत्या.

"घरातलं कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, आजोबा?"

"पुतण्या गेला. पण तो अपघात हो. रिकामा रस्ता, सरळ झाडावर घातली गाडी."

"मग तेच सांगायचं ना! रिकाम्या रस्त्यावर गाडी धडकली, पोहता येत असून कुणी बुडालं, हे सगळं सांगायचं. लोक अपघात म्हणतात आणि सोडून देतात. कधी कधी हृदय आधी बंद पडलेलं असतं आणि बाकीचं नंतर होतं."

आईने पडद्याकडे मान वळवली.

छातीभर पाण्यात पायात गोळा आला तर माणूस काय करतो? ओरडतो, शिव्या घालतो आणि दुसऱ्या पायावर उभा राहतो. तिचा भाऊ उभा का राहिला नाही? एकवीस वर्षांत हा साधा प्रश्न घरातल्या एकाही शहाण्याला पडला नव्हता. सगळे साप सोडून भुई धोपटत बसले होते, आणि सर्वांत जोरात धोपटत होती ती स्वतः.

शिक्के पडू लागले. ठक्. ठक्. गठ्ठा कमी होत होता. मुलगी लांबून तिच्याकडे बघून हसली, दोन वर्षांत हसली नव्हती तशी. आता तोंड उघडलं तर ती आपल्याला जन्मात माफ करणार नाही, हे आईला स्वच्छ दिसत होतं. आणि काही नसेलच तर? नसेलच काही. पण मनातल्या मनात असं म्हणता म्हणता ती उठलीसुद्धा होती आणि तिने शिक्क्याखालचा फॉर्म हाताने झाकला होता.

"डॉक्टर, थांबा. मी चुकीचं लिहिलंय. माझा भाऊ..." पुढचं तिला नीट सांगता आलं नाही, पण 'छातीभर पाणी' एवढं डॉक्टरांना पुरलं.

त्यांनी शिक्का बाजूला ठेवला. ईसीजीचा कागद उजेडात धरून ते या वेळी फूटपट्टीने मोजू लागले. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग मुलीला बोलावून घेतलं.

"खरं सांग बाळ. पोहताना किंवा दचकल्यावर कधी डोळ्यांपुढे अंधारी आली? शुद्ध गेली?"

"नाही हो," आईच बोलली. "मी रोज तिथेच असते."

मुलगी जमिनीकडे बघत होती.

"दोनदा," ती म्हणाली. "शाळेत धावायच्या शर्यतीची शिट्टी वाजली तेव्हा एकदा. आणि एकदा कपडे बदलायच्या खोलीत. मैत्रिणीने धरलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पोहणं बंद केलं असतंस."

ते खरं होतं. सहा वर्षं तिने त्या पायऱ्यांवर राखण केली, आणि जे कळायला हवं होतं ते तिच्याच धाकाने तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मांडीला मांडी लावून बसलेलं पोर दोनदा जाता जाता राहिलं होतं.

"आजपासून पाणी बंद, धावणंही बंद," डॉक्टर म्हणाले. "उद्याच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, चिठ्ठी देतो. अजून पक्कं काही नाही. निघालंच, तरी औषधं आहेत. पण ते 'काही नाही' म्हणेपर्यंत थेंबभरही धोका नको."

"झालं तुझ्या मनासारखं!" मुलगी किंचाळली. सगळी व्यायामशाळा वळून पाहू लागली.

"आणि ताई, तुम्हीपण झोपा खाटेवर," डॉक्टर म्हणाले.

"मी? मी कुठे पोहते?"

"तुम्ही त्याच्या बहीण आहात आणि हिच्या आई आहात. हे पोहण्यातून येत नाही, रक्तातून येतं."

आई खाटेवर आडवी झाली. बाईंनी तिच्या हातातलं घड्याळ काढलं. हातापायांना चिमटे आणि छातीवर वाट्या लागू लागल्या तशी तिने वरच्या पत्र्यावर नजर लावली. पाण्याला ती निदान लांबून तरी पाहू शकत होती. हे तर तिच्या फासळ्यांच्या आत होतं, आणि कदाचित तिनेच ते लेकीला दिलं होतं.

पडदा सरकला. रडून डोळे सुजलेली मुलगी आत येऊन पायथ्याशी उभी राहिली. तिचा राग गेला नव्हता, पण तिने आईच्या पावलावर हात ठेवला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "नुसतं गार लागतं."

यंत्र सुरू झालं. कागद सरसरत बाहेर येऊ लागला, आणि मायलेकी दोघी श्वास रोखून त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.