मधला खांब

मी या गावची जुनी मंडई आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. मी अजून उभी आहे आणि उभीच राहणार आहे!

गवंड्यांनी माझं दगडी जोतं बांधलं, सुतारांनी जाडजूड खांब रोवले, वर कौलं चढली. तेव्हा लोक माना वर करकरून माझं छप्पर बघायचे. भाजी, मासे, फुलं, मडकी, सगळं माझ्या पोटात मावलं. घासाघीस ऐकून कान किटले, पण कंटाळा कधी आला नाही.

माझी माणसं स्वच्छतेची भारी भोक्ती. रोज संध्याकाळी जो तो आपला ओटा धुवायचा आणि पाणी खराट्याने शेजाऱ्याकडे ढकलायचा. शेजारी पुढे ढकलायचा. शेवटी सगळं पाणी मधल्या खांबाशी साचायचं. तो कुणाचाच नव्हता ना!

एके दिवशी छप्पर खचलं. इंजिनिअर बाई तपासायला आल्या. मधल्या खांबाच्या बुडाशी त्यांनी पेचकस टेकवला, तर तो सहज आत गेला.

"खांब म्हातारा नाही झाला, पाण्याने कुजलाय," त्या म्हणाल्या. "महिन्याभरात नवा बसवा, पाणी बाहेर जायला नाली काढा. नाहीतर मंडई पाडावी लागेल."

मला पाडणार! आणि ही माणसं? एकमेकांवर खापर फोडत बसली!

कांदेवाल्या मावशी कडाडल्या. आवाजामुळे सगळे त्यांना भोंगा म्हणत. "पुरे झालं! पाणी माझंही आहे आणि तुमचंही. पहारी आणा!"

"नालीच्या वाटेत माझाच ओटा येतो," मासेवाले काका पुटपुटले. "वडिलांनी बांधलाय तो."

"मग माझ्या ओट्यावर या. सरकून बसू."

काकांनी आपल्या ओट्यावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनीच त्यावर पहिली पहार घातली. मला अगदी भरून आलं.

छपराला टेकू लावून कुजका खांब काढला, तेव्हा माझा सांधा न् सांधा कुरकुरला. पण मी एक कौलसुद्धा पडू दिलं नाही! बाईंनी नव्या खांबावर थाप मारली आणि म्हणाल्या, "राहू द्या उभी."

आता काका आणि मावशी एकाच ओट्यावर बसतात. कांद्यांना माशांचा वास लागतो म्हणून दिवसभर भांडतात. मित्रांनो, भांडा खुशाल! पण जे सगळ्यांचं असतं, ते तुमचंही असतं. त्यासाठी जरा सरकून बसा. छप्पर मी धरलंय.